नाडीची मुखत्यारी

चोपड्याहून यावलकडे जाणाऱ्या रस्त्यावर पोलीस भरतीची तयारी करणारी मुले पहाटे धावत असतात. धावण्यापूर्वी प्रत्येक जण एक गुडघा टेकतो, बुटाची नाडी आवळतो आणि पाऊल जमिनीवर एकदोनदा आपटून खात्री करून घेतो. एवढ्या क्षुल्लक श्रमातून मनुष्याची सुटका करण्यासाठी विद्वान अभियंते वर्षानुवर्षे खपले, असे कोणी त्यांना सांगितले तर ती थट्टाच वाटावी. परंतु ते घडले आहे, आणि त्यातून उभा राहणारा प्रश्न पादत्राणापुरता मर्यादित नाही. जे कर्म आपले आपण करू शकतो ते यंत्राकडे सोपविल्याने आपण अधिक स्वतंत्र होतो की अधिक पराधीन, हा तो प्रश्न होय.

१९८९ साली आलेल्या ‘बॅक टू द फ्यूचर’ या चित्रपटाच्या दुसऱ्या भागात नायकाच्या बुटाच्या नाड्या आपोआप आवळल्या जातात. तेथे ती करामत पडद्याआडच्या माणसांनी केलेली होती. पुढे नायकी कंपनीने ती कल्पना खरी करून दाखविली : २०१६ साली ७२० डॉलरांना ‘हायपरअडॅप्ट’ आणि २०१९ साली ३५० डॉलरांना बास्केटबॉलपटूंसाठी ‘अडॅप्ट बीबी’ हा जोड बाजारात आला. टाचेखालून पुढे गेलेल्या जाड तळव्यात लहानशी मोटार, दंतचक्रे व बॅटरी बसविलेली असते. पाय आत सरकला की मोटार दोरी गुंडाळते आणि बूट पावलाभोवती आवळतो. सैल किंवा घट्ट करण्यासाठी बाजूला दोन बटणे असतात, आणि तेच काम मोबाईलवरील ॲपमधूनही करता येत असे.

यावर आपल्याकडील सात्त्विक प्रवृत्तीचा मनुष्य चटकन म्हणेल, की हे धनिकांचे चोचले आहेत, वाकणे हा शरीरधर्म आहे आणि लहानसहान श्रम टाळणारा मोठ्या कर्तव्यालाही पाठ दाखवितो. या युक्तिवादात तथ्य असले तरी तो करणाराचे गुडघे बहुधा शाबूत असतात. त्या चित्रपटातील नायक मायकेल जे. फॉक्स याला चित्रपटानंतर दोनच वर्षांनी, ऐन तिशीच्या उंबरठ्यावर, कंपवाताने गाठले. जी नाडी तरुणपणी त्याच्यासाठी केवळ गंमत होती ती बांधणे पुढे खरोखरच कष्टाचे ठरावे, असा दैवयोग क्वचितच पाहावयास मिळतो. संधिवाताने जखडलेल्या म्हाताऱ्याला फिरावयास निघताना सुनेला हाक मारावी लागते. ती आनंदाने येत असेल, तरी रोज हाक मारणाऱ्याच्या मनाला जो संकोच कुरतडतो त्याचा हिशेब श्रमप्रतिष्ठेच्या व्याख्यानांत कोठेच मांडलेला नसतो. अशा मनुष्याला यंत्र हे वैराग्यातील विघ्न नसून मानाने घराबाहेर पडण्याची तजवीज होय.

तथापि येथे दुसरी बाजू पुढे येते. चोपड्यापासून जवळच, अंमळनेरला, प्रताप शेठ यांच्या आश्रयाने १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले; कर्ता कोण आणि साधन कोणते, या चिंतनाला खानदेशच्या काळ्या मातीत तेव्हापासून एक हक्काचे घर मिळाले. ईश्वर प्राणिमात्रांना यंत्रावर बसविल्याप्रमाणे फिरवितो, असा गीतेच्या अठराव्या अध्यायातील दृष्टान्त आहे. भक्त त्यात शरणागती पाहतो, कारण फिरविणारा त्याच्याच हृदयात वसलेला आहे. बुटाच्या यंत्राचा फिरविणारा मात्र सातासमुद्रांपलीकडच्या कचेरीत बसतो. २०१९ साली आज्ञावलीतील एका सुधारणेने काही ग्राहकांचे बूट मोबाईलला जुमानेनासे झाले, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने ते ॲपच बाजारातून काढून घेतले. खरेदीदाराकडे मालकी होती, पण मुखत्यारी तिसऱ्याकडेच राहिली होती. असा दस्तऐवज जमिनीचा असता तर आपल्याकडील अडाणी कुणबीही त्यावर अंगठा उठविण्यापूर्वी दहादा विचार करता.

यावर असे म्हणता येईल, की पराधीन कोण नाही? नाडीचे सूत आपण कातलेले नसते, आणि तळ उसवला की बसस्टँडजवळ आरी-रापी घेऊन बसलेल्या चर्मकारापुढे बूट काढून उभे राहावेच लागते. हे खरे आहे; परंतु त्या कारागिराशी भांडता येते, टाका कच्चा पडला तर तो डोळ्यांदेखत उसवून पुन्हा घालावयास लावता येतो, आणि त्याचे मन नसेल तर चार पावलांवर दुसरा बसलेला असतो. जिला जाब विचारता येतो ती मदत मनुष्याला लहान करीत नाही. दुसऱ्यावर विसंबणे हे दास्य नव्हे; ज्याच्यावर विसंबलो त्याच्यापुढे आपला शब्द चालेनासा होणे, हे दास्य होय.

या दृष्टीने पाहता त्या बुटाचा सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग म्हणजे मोटार नव्हे, तर बाजूची ती दोन बटणे. ॲपची सद्दी संपली तरी बटणे दाबून बूट आवळता येतो, सैल करता येतो. कोणा शहाण्याने तेवढी मुखत्यारी पायाच्या धन्याकडे ठेवली म्हणून ती वस्तू अगदीच निकामी झाली नाही. वृद्धांसाठी, अपंगांसाठी जी जी साधने पुढे येतील त्यांचा उपयोग ठरविताना किती श्रम वाचले याआधी हे विचारावे, की देणाऱ्याने हात काढून घेतला त्या दिवशी घेणाऱ्याच्या हातात काय उरते.