सारथी नसलेला रथ



गेल्या अशोक विजयादशमीला विहारातील वंदना आटोपल्यावर माझा एक जुना विद्यार्थी मला भेटला. दहावीला तो माझ्या वर्गात होता. तीन वर्षांपूर्वी त्याच्या घरच्या सर्वांनी धम्मदीक्षा घेतली. आता संगणकाची पदवी घेऊन त्याने नोकरी मिळविली आहे. महिन्याचा पगार घेणारा त्या घरातला तो पहिलाच. आईने पेढे वाटले, मीही खाल्ला. मग तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, कंपनी लष्करी ड्रोनसाठी काम करते. वरून काढलेल्या चित्रात माणूस कोणता, गाडी कोणती, बंदूक कोणती हे संगणकाला शिकवायचं, एवढंच माझं काम. मी शस्त्र बनवत नाही आणि चालवतही नाही. हे सम्यक आजीविकेत बसतं ना?"

वर्गात असा प्रश्न आला असता तर 'उद्या सांगतो' म्हणून मी वेळ मारून नेली असती. विहारात तसे करवेना, आणि उत्तरही देता येईना. त्या न दिलेल्या उत्तरासाठीच हा खटाटोप आहे.

वरवर पाहता उत्तर सोपे आहे. उपासकाने कोणते पाच व्यापार करू नयेत हे अंगुत्तर निकायात सांगितले आहे, आणि त्यात शस्त्रांचा व्यापार पहिला आहे. एवढे वाचून दाखविले असते तर विषय संपला असता. पण मग आपल्या घरांच्या भिंतींवर गणवेशातील जी छायाचित्रे लावलेली आहेत, त्यांचे काय करावे? बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते. 1892 च्या सुमारास इंग्रज सरकारने आपली भरती बंद केली, तेव्हा आपल्या लोकांनी तिच्याविरुद्ध अर्ज केले. 1941 साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते, आणि त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. शस्त्राचे नाव निघताच कानांवर हात ठेवणे आपल्याला शोभणारे नाही. म्हणून प्रश्न शस्त्र धरावे की न धरावे एवढाच नाही. शस्त्र धरणारा हातच दिसेनासा झाला म्हणजे हत्या कोणाची, हा खरा प्रश्न आहे.

चालविणारा नसलेले शस्त्र ही कल्पना आजची नाही. भगवान बुद्धांच्या काळी मगधाचा राजा अजातशत्रू आणि वैशालीचे लिच्छवी यांच्यात युद्ध झाले. जैनांच्या भगवती सूत्रात त्या युद्धातील दोन भयंकर साधनांचे वर्णन आहे. त्यांपैकी रथमुसल हा रथ घोड्यावाचून, सारथ्यावाचून, आत योद्धा नसताना मुसळ घेऊन सैन्यात फिरतो आणि माणसे चिरडीत जातो. असा रथ खरोखर होता की नाही, याच्या वादात आपण पडू नये. पण मारणे व्हावे आणि मारणारा मात्र जागेवर नसावा, ही इच्छा त्या काळीही माणसाच्या मनात होती, एवढे त्यावरून निश्चित कळते. याच अजातशत्रूने वज्जींवर चढाई करण्यापूर्वी आपला मंत्री वस्सकार याला तथागतांकडे पाठविले होते. तथागतांनी सैन्याची किंवा शस्त्रांची चौकशी केली नाही. वज्जी एकत्र जमून विचार करतात काय, वृद्धांचे ऐकतात काय, स्त्रियांवर जुलूम करीत नाहीत ना, असे सात प्रश्न त्यांनी आनंदाला विचारले.

पुढचा सारा शस्त्रेतिहास हा अंतर वाढविण्याचा इतिहास आहे. तलवारीला समोरच्याचा श्वास लागतो, बाणाला लागत नाही. युरोपात यांत्रिक धनुष्य आले तेव्हा ते इतके अमानुष वाटले की 1139 साली चर्चच्या धर्मपरिषदेने त्याच्या वापरास बंदी केली. मात्र बंदी ख्रिस्ती माणसावर वापरण्यापुरतीच होती! 1862 साली अमेरिकेत गॅटलिंग नावाच्या गृहस्थाने हाताने फिरविण्याच्या जलद बंदुकीचे पेटंट घेतले. हा गृहस्थ वैद्यकीची पदवी घेतलेला होता. एक माणूस शंभरांचे काम करू लागला तर सैन्ये लहान होतील आणि कमी माणसे मरतील, असा त्याचा हिशेब होता. हेतू चांगला होता, असे आपण म्हणू. त्यानंतर 1884 मध्ये मॅक्सिमची आपोआप चालणारी मशीनगन आली. 2 सप्टेंबर 1898 रोजी सुदानमध्ये ओमदुर्मान येथे इंग्रजांच्या फौजेने तोफा, बंदुका आणि या मशीनगन यांच्या बळावर एका सकाळी दहा हजारांहून अधिक माणसे मारली. इंग्रजांच्या बाजूचे मेले सुमारे पन्नास. तेव्हा युरोपला फारसे वाईट वाटले नाही, कारण मेलेले काळे होते. 1 जुलै 1916 रोजी फ्रान्समधील सोम नदीकाठी इंग्रज तरुण स्वतः जर्मनांच्या मशीनगनपुढे चालत गेले आणि एका दिवसात त्यांचे 19,240 लोक मेले. सैन्ये लहान झालीच नाहीत.

या मॅक्सिमचीच सुधारलेली बहीण म्हणजे व्हिकर्स मशीनगन. आपल्या किती घरांत हे ठाऊक असेल न कळे, पण महार रेजिमेंटच्या बिल्ल्यावर ज्या दोन मशीनगन एकमेकींना छेदून आहेत, त्या व्हिकर्सच आहेत. 1946 साली तिचे मशीनगन रेजिमेंटमध्ये रूपांतर झाले आणि साठच्या दशकापर्यंत तिचे काम तेच राहिले. माझ्या वडिलांचे चुलते तिच्यात होते. आम्ही मुले त्यांना फौजी आजोबा म्हणत असू. व्हिकर्सची नळी तापून लाल होऊ नये म्हणून तिच्याभोवती पाण्याचे आवरण असते. त्यात चार लिटरच्या आसपास पाणी मावते, आणि गोळीबार चालू राहिला की काही मिनिटांत ते उकळू लागते. एका मशीनगनला सहा माणसे लागत. एक नेम धरणारा, एक गोळ्यांचा पट्टा सरकविणारा, बाकीचे गोळ्या आणि पाणी वाहणारे. फौजी आजोबा पाणी वाहत. ज्या गावात त्यांच्या हाताचे पाणी कुणाला चालत नव्हते, त्याच गावचा हा माणूस सरकारी बंदुकीला पाणी पाजीत होता. हे ते हसून सांगत. पण एकदा मी लहानपणीच्या अगोचरपणाने त्यांना विचारले, "आजोबा, तुम्ही किती मारले?" तेव्हा ते हसले नाहीत. जरा वेळाने म्हणाले, "गोळी कुणाला लागली, मला कधी दिसलं न्हाई. पर लागावी म्हणूनच मी पाणी वाहत होतो की."

फौजी आजोबा चौथी शिकलेले होते. कर्माविषयी पुष्कळ ग्रंथ मी पुढे वाचले. पण चेतना हेच कर्म, ही तथागतांची शिकवण इतक्या सरळ शब्दांत मला कुणी सांगितली नाही. चेतना फक्त घोडा दाबणाऱ्या बोटात नसते. ती पाण्याच्या डब्यातही असते. सहा माणसांत काम वाटले म्हणून सहांपैकी एकही मोकळा होत नाही.

आता ही वाटणी सहा माणसांवरून सहाशेंवर गेली आहे. 2001 च्या ऑक्टोबरात अफगाणिस्तानवर अमेरिकेच्या सशस्त्र ड्रोनने पहिला मारा केला. पुढे ही विमाने हजारो मैलांवरच्या नेवाडा राज्यातील तळावर बसून चालविली जाऊ लागली. चालविणारा पाळी संपली की मोटारीने घरी जेवायला जातो. 29 ऑगस्ट 2021 रोजी काबूलमध्ये अशाच एका ड्रोनने एक पांढरी मोटार उडविली. आठ तास तिच्यावर वरून नजर ठेवली होती. तीत स्फोटके भरली जात आहेत, असे पाहणाऱ्यांना वाटले. ते पाण्याचे डबे होते. दहा निरपराध माणसे मेली, त्यांपैकी सात मुले होती. 17 सप्टेंबरला अमेरिकेने चूक कबूल केली आणि डिसेंबरात जाहीर केले की कुणालाही शिक्षा होणार नाही. चौकशीत गुन्हेगार असा कुणी सापडलाच नाही! चित्र पाहणारा वेगळा, त्याचा अर्थ लावणारा वेगळा, हुकूम देणारा वेगळा. प्रत्येकाने आपापले काम नीट केले होते. मारणारा मी नव्हेच, मी निमित्तमात्र, हा युक्तिवाद आपल्या देशाला नवा नाही. त्याला यंत्राचा आधार मिळाला, इतकेच नवे.

अंतर वाढले की मन कसे बधिर होते याचा एक प्रयोग 1961 च्या सुमारास अमेरिकेतील येल विद्यापीठात मिलग्रॅम यांनी केला. दुसऱ्या माणसाला विजेचे झटके देण्यास सामान्य लोकांना सांगण्यात आले. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. तो माणूस भिंतीपलीकडे असताना शंभरांतील पासष्टांनी शेवटच्या टोकापर्यंत बटण दाबले. तो त्याच खोलीत असताना चाळिसांनी. त्याचा हात स्वतः धरून पट्टीवर टेकवावा लागला तेव्हा तिसांनी. माणसे तशीच होती, अंतर तेवढे बदलले. आपल्या समाजाला हे सांगण्याची गरज नसावी. वस्ती गावाबाहेर का ठेवली जाते, हे आपण जाणतोच.

यावर तंत्रज्ञ म्हणतात की माणूस चुकतो, रागावतो, घाबरतो. यंत्र तसे नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. 3 जुलै 1988 रोजी इराणच्या आखातात विन्सेन्स नावाच्या अमेरिकन युद्धनौकेने प्रवाशांनी भरलेले विमान लढाऊ समजून पाडले. 290 माणसे मेली. नौकेवरील संगणक विमान वर चढत असल्याचे बरोबर दाखवीत होता. घाबरलेली माणसे ते खाली येत असल्याचे ओरडत होती. याउलट 26 सप्टेंबर 1983 च्या रात्री रशियातील एका इशारा केंद्रावर स्तानिस्लाव पेत्रोव हा अधिकारी कामावर होता. उपग्रहाने आधी एक आणि मग आणखी चार अमेरिकन अण्वस्त्रे निघाल्याचे कळविले. यंत्राला शंका नव्हती. पेत्रोव याने विचार केला, की अमेरिका युद्ध सुरू करील ते पाच क्षेपणास्त्रांनी कशाला? त्याने वर कळविले की यंत्र चुकले आहे. उंच ढगांवर पडलेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसला होता. त्या रात्री तो थांबला नसता तर काय झाले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी. नोंदवही नीट भरली नाही म्हणून पुढे त्यालाच बोल लागला.

तेव्हा साखळीत माणूस बसविला म्हणजे झाले, असे नाही. विन्सेन्सवरही माणसेच होती. पण थांबण्याचे सामर्थ्य माणसाकडेच असते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी हत्येची इच्छा आणि हत्येची गरज यांत भेद केला आहे. इच्छेने मारणे त्याज्य. गरज असेल तर तिचा विचार विवेकाने करावा. आता पाहा, यंत्राला इच्छा नाही म्हणून ते निर्दोष, असे कुणाला वाटेल. पण त्याला गरजही कळत नाही. त्याला फक्त लक्ष्य कळते. गरज आहे काय, हे प्रत्येक वेळी नव्याने कुणाला तरी स्वतःला विचारावे लागते, आणि वेग हेच ज्याचे बळ आहे असे शस्त्र तेवढा वेळच ठेवत नाही. स्वयंचलित शस्त्रांविषयी चिंता व्यक्त करणारा ठराव 22 डिसेंबर 2023 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 152 मतांनी संमत झाला. विरोधात चार देश होते, त्यांत आपला भारत होता. ही चर्चा जिनिव्हातील जुन्या चौकटीतच व्हावी, असे आपल्या सरकारचे म्हणणे होते. अशोकचक्र मिरविणाऱ्या देशाचे हे मत मला पटले नाही. त्या अशोकाने कलिंगात एक लाख माणसे मारली गेली हे शिलेवर कोरून घेतले, आणि ते आपण केले असे स्वतःच्या नावाने सांगितले. खुद्द कलिंगातील धौली आणि जौगड येथील शिलांवर मात्र त्याने तो लेख कोरविला नाही, हेही सांगितले पाहिजे.

पंधरा दिवसांनी मी विद्यार्थ्याला घरी बोलाविले आणि त्याला फौजी आजोबांची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पण सर, पाण्याचा डबा आणि स्फोटकं यांतला फरक ओळखायला यंत्राला नीट शिकवलं तर काबूलची ती मुलं वाचली असती. ते काम कुणीतरी मन लावून करायला नको का?"

माझ्याकडे याला खोडून काढणारे उत्तर नव्हते. मी त्याला एवढेच म्हटले, की सही करण्यापूर्वी तिथे दोन गोष्टी विचार. तू ओळखून दिलेल्या चित्रानंतर मारायचे की नाही हे कोण ठरवितो, आणि त्याला 'नाही' म्हणायला वेळ असतो काय? आणि चूक झाली तर तुझे नाव त्या कागदावर असते काय?

"नाव नसतं, सर," तो म्हणाला. "ते मी आधीच विचारलं. त्यांनी सांगितलं, काळजी करू नका, तुमच्यावर काही येणार नाही."

रुजू होण्याची तारीख येत्या महिन्याची पहिली आहे. काल त्याची आई शाळेच्या फाटकाशी मला भेटली. "सर, पोराला तुम्ही काही बोललात का? पत्र घेऊन नुसता बसून असतो," ती म्हणाली. मी म्हटले, होय ताई, बोललो.