स्वतः बनवलेला सोफा कोणाचा?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



राजपुऱ्यात गुरुवारची आरती होते त्या अंगणात आपण सगळ्यांनी मिळून जो लाकडी सोफा बनवला, त्यावरून गेले दोन आठवडे आपल्या फॅमिली ग्रुपवर बरीच चर्चा चालू आहे. अंगणाला फाटक नाही, लिंबाची सावली आहे, त्यामुळे कोणीही येऊन बसतं. कचरागाडीवरच्या ताई सकाळी तिथे डबा खातात. भाजीची हातगाडी लावून दादा दुपारी पाठ टेकतात. म्हणून ‘फक्त साधकांसाठी’ अशी पाटी लावावी, अशी सूचना आली. काहींनी लगेच अंगठ्याची खूण टाकली, काही गप्प राहिले. सूचना करणाऱ्यांचा मुद्दा सरळ आहे : घाम आपण गाळला, तर बसायचा हक्क आपलाच. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी सोफा कसा झाला ते सांगतो. मोठ्या काकू, आजोबा मंडळी यांना आता सतरंजीवर मांडी घालून बसवत नाही. गुडघे ऐकत नाहीत. बाजारातला तयार सोफा उघड्यावर ठेवला तर एका पावसाळ्यात त्याचे पापुद्रे सुटतात. लोखंडी बाकडं मे महिन्यात, पारा 44 च्या वर गेला की, हात लावू देत नाही. तेव्हा लाकूडच हवं असं ठरलं. एका गुरुबंधूंचं जुनं घर पाडायचं होतं, त्याच्या तुळया सागवानाच्या होत्या. नवं सागवान घ्यायचं तर ते कोणत्या जंगलातून आलं, पावती आहे का, हे विचारणं आपल्या जिल्ह्यात तरी प्रत्येकाचं कर्तव्य आहे. नेपानगरकडच्या झाडतोडीच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. जुन्या तुळया मिळाल्या म्हणजे ती चिंता मिटली.

आरा मशीनवर नेण्याआधी त्या तुळयांतले खिळे काढण्यातच दोन रविवार गेले. एक जरी खिळा आत राहिला तरी पातं तुटतं, मशीनवाले दादा आधीच बजावून होते. चिरल्यावर आतलं गडद लाकूड घेतलं आणि कडेचं पांढुरकं बाजूला ठेवलं, कारण सागाला वाळवी लागत नाही हे त्या गडद गाभ्यापुरतंच खरं आहे. बैठकीची उंची 18 इंच ठेवली. एवढ्या उंचीवरून म्हातारं माणूस हातावर जोर देऊन उठू शकतं, म्हणून हातही रुंद ठेवले. बैठकीच्या पट्ट्यांमध्ये पाव-पाव इंच फट सोडली, म्हणजे पाणी साचत नाही. स्क्रू स्टीलचे वापरले, कारण साधं लोखंड ओल्या सागवानात काळे डाग पाडतं. पाय मातीत न टेकवता फरशीच्या तुकड्यांवर ठेवले. पायांची खालची टोकं आधी अळशीच्या तेलात बुडवून ठेवली होती, कारण लाकूड सगळ्यात जास्त पाणी कापलेल्या टोकातून पितं. आपापल्या घरी कोणी असा सोफा करणार असेल तर या एवढ्या गोष्टी सांभाळाव्यात. बाकी मापं घराप्रमाणे.

सांधे मात्र आम्ही सुतारकाकांकडून करून घेतले आणि मजुरी पूर्ण दिली. ‘सेवा’ म्हणून फुकट करा असं त्यांना म्हणायचं नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. दुसऱ्याच्या पोटाच्या कामाला आपण आपल्या सोयीने सेवा म्हणू नये. काका मिस्कील आहेत. म्हणाले, “ताई, तुम्ही घासा, मी जोडतो. घासताना माणसाला लाकूड कळतं.” मुलांनी, सुनांनी, कॉलेजच्या पोरांनी मिळून घासलं, तेल दिलं. सगळ्यांच्या तळहातांना फोड आले होते.

आता मूळ प्रश्न. श्रम केले म्हणून वस्तू आपली होते का? जॉन लॉक नावाच्या इंग्रज विचारवंताने सतराव्या शतकात हेच मांडलं, आमच्यापैकी काहींनी बी.ए.ला ते वाचलंय. माणूस जमीन नांगरतो, झाडाची फळं तोडतो, म्हणजे त्यात स्वतःचे श्रम मिसळतो, म्हणून ती गोष्ट त्याची होते. पाटीच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं थोडंफार असंच आहे. पण लॉकने एक अट घातली होती, ती परीक्षेत आपण एका ओळीत लिहून मोकळे झालो : इतरांसाठीही तितकंच आणि तसंच चांगलं शिल्लक राहिलं पाहिजे. आपल्या गल्लीत सावलीतली, पाठ टेकायची दुसरी जागा कुठे आहे ते कोणी दाखवावं.

शिवाय श्रम कोणाकोणाचे मोजायचे? शंभर वर्षं उभं राहिलेलं झाड, त्या तुळया पहिल्यांदा घडवणारे सुतार, मशीनवाले, काका, आणि मग कुठे आपण. आपला वाटा खरा आहे, पण शेवटचा आहे.

आणखी एक गंमत आहे. 2012 साली अमेरिकेतल्या तीन संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साध्या खोक्याचे भाग लोकांना जोडायला दिले, तर तयार खोकं मिळालेल्यांपेक्षा जोडणारे त्याला जास्त किंमत द्यायला तयार झाले. कागदाच्या घड्या घालून चित्रं करणाऱ्या नवशिक्यांना आपलं वेडंवाकडं काम जवळजवळ उस्तादाच्या कामाइतकं मोलाचं वाटलं. पोळी पहिल्यांदा लाटणाऱ्या मुलीला विचारा, तेच उत्तर येईल. पैशाने घेतलेल्या वस्तूवरचा जीव आपल्याला ओळखता येतो, त्याला आपण मोह म्हणतो आणि सावध राहतो. हाताने केलेल्या वस्तूवरचा जीव मात्र पुण्याचे कपडे घालून येतो. त्याला आपण ‘निष्ठा’ म्हणतो, ‘मेहनतीचा मान’ म्हणतो. कर्मफळावर प्रवचनं ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांना हाच मोह जास्त अवघड जातो असं आम्हाला वाटतं.

गांधीजींनी शरीरश्रमाला आपल्या अकरा व्रतांत जागा दिली होती. दक्षिण आफ्रिकेत ते चपला बनवायला शिकले. तुरुंगात असताना बनवलेला एक जोड त्यांनी 1914 साली तिथून निघताना जनरल स्मट्स यांना भेट पाठवला. ज्यांच्या सरकारने तुरुंगात टाकलं, त्यांच्याच पायात स्वतःच्या हातची चप्पल. स्मट्स यांनी ती कित्येक उन्हाळे वापरली आणि 1939 मध्ये गांधीजींच्या सत्तरीला, आपली योग्यता नाही अशा भावनेने, परत पाठवली. गांधीजींनी चप्पल देताना पाय कोणाचे आहेत हे पाहिलं नाही.

आपण मात्र पाहतो आहोत. एका निरोपात ‘तसले लोक’ असा शब्द आला. तो कोणी लिहिला हे इथे महत्त्वाचं नाही, पण तो शब्द वाचून आम्हा काही जणींना रात्री झोप लागली नाही. कचरागाडीवरच्या ताई आपल्या दारासमोरचा कचरा हाताने उचलतात. हक्क घामावर ठरवायचा असेल, तर या गल्लीत त्यांचा घाम आपल्या दोन महिन्यांच्या घासकामापेक्षा कितीतरी जास्त आहे. गोरोबाकाका, सावता महाराज, चोखोबा यांची नावं आपण अभंगांच्या आधी आदराने घेतो. ते सगळे हाताने काम करणारेच होते.

पाटीवाल्यांच्या दोन तक्रारी खऱ्या आहेत, त्या नाकारत नाही. एकदा पट्टीवर पानाची पिंक आढळली. रात्री उशिरापर्यंत मुलं मोबाईलवर गाणी लावून बसतात, शेजारच्या काकांना त्रास होतो. याला उपाय करायलाच हवा. पण पिंक टाकणारा साधक असला तरी ती पिंकच. पाटी लावायचीच असेल तर ‘थुंकू नये, रात्री दहानंतर बसू नये’ अशी लावावी, आणि ती आपल्यालाही लागू असावी. गुरुवारी आरतीच्या वेळी सोफा आजी-आजोबांसाठी मोकळा ठेवा, असं सांगितलं तर कोणी नाही म्हणणार नाही. ताईंना आम्ही विचारलं, त्या म्हणाल्या, “गुरुवारी मी तसंही लवकर उठते, तुमची गर्दी असते.”

पाटीचा निर्णय येत्या गुरुवारी आरतीनंतर सगळ्यांसमोर होईल, ग्रुपवर नको. आमचं मत वर लिहिलं आहे, ज्यांचं वेगळं असेल त्यांनी यावं आणि बोलावं. पावसाळ्याआधी सोफ्याला तेलाचा एक हात द्यायचा आहे. रविवारी सकाळी सातला, ऊन चढायच्या आत. जुनं सुती फडकं घरून आणावं. तेल आणलेलं आहे.

॥ जय गुरुदेव ॥
— सेवेकरी भगिनी, राजपुरा, बुऱ्हाणपूर