कागदापुरता निकाह

'नुसता कागदापुरता निकाह करून ठेवलाय, शादी व्हिसा आल्यावर,' हे वाक्य आज आपल्या मोहल्ल्यांत इतक्या सहजपणे बोलले जाते की त्यात काही खटकण्यासारखे आहे असे कुणाला वाटत नाही. मुलगा जेद्दाहला, लंडनला किंवा शिकागोला नोकरीस असतो. पंधरा दिवसांची रजा काढून येतो. घरातल्या दहा-बारा माणसांत काझीसाहेब निकाह पढवतात, महानगरपालिकेत नोंद होते, मुलगा परत जातो. मुलगी माहेरीच राहते. रुखसती, वलिमा, मंडप, सारे नंतर. प्रश्न एवढाच की कागदापुरते लग्न अशी काही वस्तू असते का? नसेल, तर त्या कागदावर ज्यांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या त्यांनी नेमकी कशाची साक्ष दिली?

मी उर्दू शाळेत शिकवते. निकाहनामा उर्दूत असतो, वकिलातीला इंग्रजी हवे असते, म्हणून भाषांतरकाराकडे जाण्याआधी पुष्कळ पालक तो माझ्याकडे आणतात. "आपा, इसमें क्या लिखे सो जरा पढ के बोलो." मग कळते की ज्या कागदावर मुलीचे सारे आयुष्य उभे करायचे तो घरात कुणी पुरता वाचलेलाच नाही. शहराचे नाव २०२३ मध्ये बदलले, तेव्हापासून आणखी एक भर पडली आहे. निकाहनाम्यावर औरंगाबाद, नव्या दाखल्यावर छत्रपती संभाजीनगर, आणि ही दोन्ही एकच हे परदेशातल्या अधिकाऱ्याला पटवावे लागते. पण तो त्रास किरकोळ. खरी अडचण महरच्या रकान्यात असते.

उर्दूत दोन शब्द आहेत. एक 'ऐन'ने लिहितात; तो 'उजलत' म्हणजे घाई या शब्दाच्या घरचा. ते महर ताबडतोब द्यायचे. दुसरा 'हमजा' घेऊन येतो. तो 'अजल' म्हणजे मुदत या शब्दाचा भाऊ. ते महर पुढे, ठरल्या वेळी, नाहीतर तलाक किंवा मृत्यूनंतर द्यायचे. लिहिताना एका अक्षराचा फरक, अर्थात जमीन-अस्मानाचा. आणि आपण दोन्ही उच्चारतो एकच: मुअज्जल. मराठीत आणले की दोघांची लिपीही एकच होते आणि इंग्रजीतही बहुधा तोच घोटाळा उतरतो. ज्या बाईला निकाहच्या दिवशीच रक्कम मिळायला हवी होती तिचा हक्क भाषांतराच्या एका ओळीत अनिश्चित काळासाठी पुढे ढकलला जातो. तक्रार कोण करणार? तिला तो रकाना दाखवलेलाच नसतो. वकील आणि दोन गवाह आतल्या खोलीत जाऊन तिची संमती विचारतात तेव्हा रक्कम सांगतात, हे खरे. ती कधी द्यायची हे मी तरी फार क्वचित सांगितलेले ऐकले आहे.

निकाह हा मुळात करार आहे. हे कुणी सुधारकाने आपल्यावर लादलेले मत नव्हे. १८८६ साली अलाहाबाद उच्च न्यायालयात न्यायमूर्ती सय्यद महमूद यांनी हेच मांडले आणि आपले फिकहही ईजाब-कबूल, गवाह आणि महर याच पायावर उभे आहे. सूरह बकरामध्ये देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल केवढी तपशीलवार ताकीद आहे! उधारीच्या चार पैशांसाठी जे लिहायचे, ते निकाहसाठी लिहायला हरकत कसली? काझींचे दफ्तर तेच काम करत आले. म्हणून सरकारी नोंद म्हणजे शरियतमध्ये ढवळाढवळ, ही ओरड मला पटत नाही. महाराष्ट्राचा १९९८ चा विवाह नोंदणी कायदा सर्व धर्मांना लागू आहे. त्यात लग्न लागल्यापासून नव्वद दिवसांत ज्ञापन द्यायचे, तीन साक्षीदार हवेत, लग्न लावणाऱ्या काझींची सही हवी. नोंद नाही म्हणून निकाह रद्द होत नाही. म्हणजे हा कायदा निकाह करत नाही, झालेला निकाह टिपून ठेवतो. ठाण्यात २०२३ मध्ये एका मुस्लिम गृहस्थाच्या तिसऱ्या निकाहची नोंद नाकारली गेली. वधू अल्जीरियाची होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते कारण चुकीचे ठरवून अर्जावर पुन्हा निर्णय घ्यायला सांगितले. तिसऱ्या निकाहचे कौतुक मला नाही, पण नोंदवहीने न्यायाधीश होऊ नये हा मुद्दा बरोबरच आहे.

एजंट लोक मात्र कधी कधी दुसराच रस्ता दाखवतात. 'कोर्ट मॅरेज करा, परदेशात तेच चालते.' म्हणजे १९५४ चा विशेष विवाह कायदा. झालेला निकाहसुद्धा त्याच्या कलम १५ खाली नोंदवता येतो. पण ही नुसती नोंद नव्हे. तिथून पुढे ते लग्न त्या कायद्याखालचे मानले जाते आणि कलम २१ नुसार वारसा १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने ठरतो. शरियतचे हिस्से गेले, मुलगा-मुलगी समान झाले. केरळात कासरगोड जिल्ह्यातले वकील सी. शुक्कूर आणि त्यांच्या पत्नी शीना यांनी ८ मार्च २०२३ रोजी नेमक्या याच हेतूने, आपल्या मुलींना सारी मिळकत मिळावी म्हणून, पुन्हा लग्न नोंदवले. त्यांच्यावर टीका झाली. मला त्यांचा निर्णय प्रामाणिक वाटतो, कारण काय बदलते आहे हे त्यांना माहीत होते आणि त्यांनी ते उघडपणे केले. व्हिसाच्या रांगेत उभा असलेला आपला मुलगा तोच कागद करतो आणि घरी येऊन म्हणतो, 'काही नाही, फॉर्मॅलिटी होती.' दोघांची सही एकाच कायद्याखाली, पण नैतिकदृष्ट्या ती एकच कृती नाही.

परदेशी अधिकाऱ्याची नजर आणखी वेगळी. आपल्या गल्लीत झालेला निकाह इथल्या कायद्याने वैध असेल तर इंग्लंडही तो सामान्यतः मानते. पण तोच खुतबा, तेच गवाह घेऊन लंडनच्या एखाद्या सभागृहात नोंदणीशिवाय निकाह केला तर तिथल्या कायद्याच्या दृष्टीने लग्न झालेलेच नसते. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने मुलेबाळे झालेल्या, अठरा वर्षांच्या जुन्या संसाराबद्दलही असेच ठरवले. अमेरिकेत वेगळीच गाठ. मुलाला रजा मिळत नाही, म्हणून तो इथे वकील नेमतो, वकील मजलिसीत कबूल करतो. हनफी फिकहप्रमाणे हे पक्के. अमेरिकेचा व्हिसा कायदा मात्र वधू-वर समोरासमोर नसलेले लग्न, ती दोघे पुढे पती-पत्नी म्हणून एकत्र आल्याशिवाय धरत नाही. म्हणजे निकाह इथे पूर्ण आणि तिथे अपुरा. 'रुखसती व्हिसानंतर' म्हणणाऱ्यांनी आधी एवढे तरी समजून घ्यावे.

तरीही दूतावासाला मी दोष देणार नाही. त्याने पुरावा मागितला. निकाह खोटा करा असे तो म्हणाला नाही. निकाह, तलाक आणि रुजूअ या तीन बाबतींत थट्टेने बोललेलेही खरे धरले जाते, ही हदीस आपल्याकडे मकतबमधल्या पोरालाही ठाऊक असते. थट्टा जिथे चालत नाही तिथे 'कागदापुरते' कसे चालेल? दोन बालिग माणसांनी गवाहांसमोर कबूल म्हटले की निकाह झाला. मनात काय होते हे कुणी विचारत नाही.

आमच्याच वस्तीतल्या एका घरात हे घडले. असाच निकाह झाला, नोंद झाली, मुलगा गेला. व्हिसा नाकारला गेला, दुसऱ्या अर्जाला वर्ष लागले, मग फोन कमी होत गेले आणि एक दिवस सासरकडून निरोप आला की तुम्ही दुसरीकडे पाहिले तरी चालेल. तलाक दिला नाही. 'निकाह होता कुठे, तो तर कागद होता,' असे ते म्हणाले. मुलीचे वडीलही तेच म्हणू लागले, कारण तलाकशुदा या शब्दापेक्षा ते त्यांना सोपे वाटले. नवीन स्थळ आले, तेव्हा काझीसाहेबांनी आधीच्या निकाहचे काय झाले ते लेखी मागितले. रुखसतीपूर्वी तलाक झाला असता तर इद्दत नव्हती आणि ठरलेल्या महरचा निम्मा हिस्सा तिचा होता. पण महर मागायचे तर निकाह झाला होता असे म्हणावे लागते. नाहीतर खुला, किंवा १९३९ च्या कायद्याखाली दावा. वडील अजून म्हणतात, निकाह झालाच नव्हता. मुलीने मात्र परवा मला विचारले, "आपा, मी तर कबूल म्हटले होते. तीनदा. मग मी काय सांगू?" मी तिला निकाहनामा घेऊन यायला सांगितले आहे. महरच्या रकान्यात कोणते अक्षर आहे ते आधी पाहायचे, आणि मग वकिलाकडे जायचे.