कुठल्या रात्रीचा अली?

ट्रेव्हर बर्बिक हे नाव आज फारसं कुणाच्या तोंडी नसतं. डिसेंबर १९८१ मध्ये बहामातल्या नासाऊला त्यानं मुहम्मद अलीला गुणांवर हरवलं. अलीची ती शेवटची लढत. पाच वर्षांनी, नोव्हेंबर १९८६ मध्ये, वीस वर्षांच्या माइक टायसननं याच बर्बिकला दुसऱ्या फेरीत लोळवलं आणि तो हेवीवेटचा सर्वांत तरुण विजेता ठरला. नुसतं गणित मांडायचं तर अलीपेक्षा बर्बिक भारी, बर्बिकपेक्षा टायसन भारी, विषय संपला. पण असा हिशेब कुणी मनावर घेत नाही. नासाऊला हरला तो ‘खरा’ अली नव्हताच, असं आपण म्हणतो. मग खरा कुठला?

वेगवेगळ्या काळांतले बॉक्सर, म्हणजे अली आणि टायसन, समोरासमोर आले असते तर कोण जिंकलं असतं, या वादांना जर-तरच्या गप्पा म्हणून झटकणं सोपं आहे. आत्याबाईला मिशा असत्या तर वगैरे. पण प्रत्यक्ष झालेल्या लढतींपैकी काही मला या काल्पनिक लढतींपेक्षा जास्त खोट्या वाटतात. १९५१ मध्ये रॉकी मार्सियानोनं जो लुईला आठव्या फेरीत ठोसे मारून दोरांबाहेर घालवलं, तेव्हा लुई ३७ वर्षांचा होता आणि डोक्यावर कराची थकबाकी होती. १९८० मध्ये लॅरी होम्सनं ३८ वर्षांच्या अलीला दहा फेऱ्या बडवलं. एके काळी हाच होम्स अलीच्या सरावाला उभा राहायचा. पुढे १९८८ च्या जानेवारीत होम्सही ३८ वर्षांचा झालेला होता आणि समोर टायसन होता. चौथ्या फेरीत कारभार आटोपला. निकाल म्हणून हे पक्के आहेत, पण यातून कोण मोठा हे काडीचंही कळत नाही. वाद घालणारा रसिक काळाच्या या पक्षपाताविरुद्ध अपील करत असतो: दोघांनाही ऐन भरात आणा आणि मग लढवा.

गोची तिथूनच सुरू होते. अलीचा ऐन भर कोणता असं विचारलं की जाणकार १४ नोव्हेंबर १९६६ कडे बोट दाखवतात. ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये त्यानं क्लीव्हलँड विल्यम्सला तिसऱ्याच फेरीत संपवलं. एवढ्या मोठ्या देहाचा माणूस असा नाचताना कुणी पाहिला नव्हता. पण दोनच वर्षांपूर्वी विल्यम्सला पोलिसाची गोळी लागली होती आणि एक मूत्रपिंड गेलं होतं. टायसनची तशी रात्र म्हणजे २७ जून १९८८: मायकेल स्पिंक्स ९१ सेकंदांत आडवा. स्पिंक्स मुळात खालच्या वजनगटातून वर आलेला, आणि रिंगमध्ये उतरतानाच त्याचा चेहरा पडलेला होता. आपण ज्याला शिखर म्हणतो ते निम्मं समोरच्यानं घडवलेलं असतं.

अलीच्या बाबतीत तर आणखी पंचाईत आहे. सैन्यात भरती व्हायला नकार दिल्यामुळे १९६७ मध्ये त्याचं विजेतेपद काढून घेतलं गेलं. पंचविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्यापर्यंत तो लढलाच नाही. त्याची सर्वोत्तम वर्षं कदाचित कुणी पाहिलेलीच नाहीत. १९७० मध्ये परतला तेव्हा पाय जड झाले होते, चुकवता येत होते ते ठोसे आता लागू लागले, आणि तेव्हाच जगाला कळलं की हा माणूस किती सोसू शकतो. १९७१ मध्ये पंधराव्या फेरीत जो फ्रेझरचा डावा हुक खाऊन तो पडला आणि उठला. १९७४ मध्ये किन्शासात दोरांना टेकून त्यानं जॉर्ज फोरमनला दमवलं आणि आठव्या फेरीत पाडलं. १९६६ च्या अलीला यातलं काही करायची वेळच आली नव्हती. मैफलीत मात्र टायसनसमोर आपण १९६६ चे पाय आणि १९७४ ची छाती असलेला अली उभा करतो. असा माणूस एकाही रात्री अस्तित्वात नव्हता.

यंत्रावर सोपवून पाहिलं तरी हेच. १९६९ मध्ये मायामीच्या एका रेडिओ निर्मात्यानं बंदी असलेला अली आणि तेरा वर्षांपूर्वी निवृत्त झालेला, आता टोप लावलेला मार्सियानो यांना कॅमेऱ्यासमोर लुटुपुटुचं लढवलं. कॉम्प्युटरच्या निकालाप्रमाणे अमेरिकेत दाखवलेल्या चित्रफितीत तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकला. तोवर बिचारा विमान अपघातात गेलाही होता. ऐन भरातली दोन माणसं दाखवायला, ऐन भरात नसलेली दोन माणसं वापरावी लागली.

म्हणून माझी एकच अट असते: नावाबरोबर तारीख सांगा. माझी आवडती जोडी १९७३ चा फोरमन आणि प्रशिक्षक केव्हिन रूनी कोपऱ्यात असेपर्यंतचा टायसन ही आहे. जानेवारी १९७३ मध्ये किंग्स्टनला फोरमननं फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं, आणि फ्रेझर टायसनसारखाच बुटका, वाकून आत घुसणारा. फरक एवढाच की फ्रेझरला तापायला वेळ लागायचा. टायसन घंटेबरोबर पेटायचा, आणि त्याचं डोकं एका जागी सापडत नसे. तरीही माझं मत फोरमनला. आत शिरणाऱ्याचे खांदे ढकलून त्याला आपल्या ठोशाच्या टप्प्यात ठेवायची त्याची युक्ती टायसनला झेपली असती असं वाटत नाही. चौथी फेरी सुरू झाली तर मी पक्ष बदलीन, कारण फोरमनचा दम किन्शासात सगळ्यांनी पाहिला आहे. पण ती सुरू होईल यावर मी पैज लावणार नाही.