२२३ घरं आणि एक विहीर

चि. सायली,


आरोग्यसेवेसाठी मॉडेल तयार करणाऱ्या गटात तू पुढच्या महिन्यात रुजू होते आहेस, हे कळल्यापासून मन भरून आलं आहे. मेडिकल कॉलेजच्या पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागात मी संख्याशास्त्र शिकवलं ते भावी डॉक्टरांना. आता आपल्या घरातली मुलगी हेच शास्त्र घेऊन दवाखान्यांच्या कामाला लागणार, याहून मोठं समाधान मला नाही. रुजू होण्याआधी काय वाचू, असं तू फोनवर विचारलंस. नवी पुस्तकं तुझे सहकारी सांगतीलच. मी तुला एक जुना शोधनिबंध वाचायला सांगते.

अँडरसन मॅकेंड्रिक हे स्कॉटिश डॉक्टर. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे संचालकही होते. मायदेशी परतल्यावर एडिंबरात १९२६ साली त्यांनी वैद्यकीय प्रश्नांना गणित कसं लावावं यावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात भारतातल्या एका गावातल्या कॉलऱ्याचा छोटासा तक्ता आहे. गावात घरं २२३. त्यांपैकी १६८ घरांत एकही रुग्ण नाही. ३२ घरांत एकेक रुग्ण, १६ घरांत दोन-दोन, ६ घरांत तीन-तीन आणि एका घरात चार. एकूण रुग्ण ८६. हाताशी माहिती एवढीच.

कागद-पेन्सिल घे आणि स्वतः करून बघ. सगळ्या घरांना सारखाच धोका होता असं धर आणि हे ८६ रुग्ण प्वासाँच्या नियमाने, म्हणजे निव्वळ योगायोगाने विखुरले असं समजून, २२३ घरांत वाट. सुमारे १५२ घरं कोरी राहायला हवीत, ५८ घरांत एकेक रुग्ण हवा, ११ घरांत दोन-दोन, आणि तीन रुग्णांचं घर एखाद-दुसरंच. प्रत्यक्षात कोरी घरं जास्त आहेत, एकेका रुग्णाची घरं फारच कमी आहेत आणि तीन रुग्णांची घरं चांगली सहा आहेत. म्हणजे सगळ्यांना सारखाच धोका होता, हे गृहीतकच टिकत नाही.

मॅकेंड्रिकांनी मग त्या १६८ कोऱ्या घरांकडे संशयाने पाहिलं. ही सगळी घरं एकाच प्रकारची कशावरून? काही घरांपर्यंत रोग पोचलाच नसेल, आणि काही घरांना धोका असूनही ती केवळ योगायोगाने वाचली असतील. त्यांनी शून्याचा रकाना बाजूला ठेवला आणि रुग्ण असलेल्या ५५ घरांवरून उलटा हिशोब केला. धोक्यात आलेली घरं साधारण ९३ निघाली. ९३ घरं धरून पुन्हा वाटणी केली की ३७ घरं कोरी, ३४ घरांत एकेक, १६ घरांत दोन, ५ घरांत तीन आणि एका घरात चार रुग्ण येतात. खऱ्या आकड्यांशेजारी हे आकडे ठेव. किती जवळ आहेत बघ!

यावरून त्यांनी तर्क केला की रोग पाण्यातून आला असावा, गावात विहिरी अनेक असाव्यात आणि त्यांतल्या एकाच दूषित विहिरीचं पाणी या ९३ घरांत जात असावं. पुढे ते लिहितात की गावात चौकशी केल्यावर तसंच आढळलं. आकडे लहान आहेत, उत्तर ढोबळ आहे, हे मात्र विसरू नकोस.

या निबंधात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते चौकशीचं वाक्य. सूत्राने कुठे पाहायचं ते सांगितलं. विहीर दूषित होती हे ठरलं ते गावात जाऊन पाहिल्यावर. आपल्या विद्येची ताकद आणि मर्यादा दोन्ही इथे एकत्र दिसतात. तुला आयुष्यभर पुरेल असं मला सांगायचं आहे ते हेच.

शून्याचा धडा तर तुला पहिल्या दिवसापासून लागेल. रुग्णालयाच्या नोंदींमध्ये रिकामे रकाने भरपूर असतात. एखाद्या बाईच्या नावापुढे साखरेची नोंद नाही, याचा अर्थ तिला मधुमेह नाही असाही होऊ शकतो आणि तिची तपासणी कुणी केलीच नाही असाही. संगणकाला हे दोन्ही रकाने सारखेच दिसतात. फरक माणसालाच करावा लागतो.

तो केला नाही तर काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. कोणत्या रुग्णांना जास्तीची देखभाल द्यावी हे ठरवण्यासाठी तिथे एक मॉडेल मोठ्या प्रमाणावर वापरलं जात होतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्याची तपासणी प्रसिद्ध झाली. ते मॉडेल आजाराचं माप म्हणून उपचारांवरचा खर्च धरत होतं. पण कृष्णवर्णीयांपर्यंत उपचारच कमी पोचत होते, म्हणून त्यांच्यावरचा खर्चही कमी दिसत होता. परिणामी, सारखे गुण मिळालेल्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय रुग्णांत कृष्णवर्णीय रुग्ण जास्त आजारी असत. ही तफावत दूर केली असती, तर जास्तीच्या मदतीसाठी निवडलेल्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेलं असतं. गणितात चूक नव्हती. खर्चाचा अंदाज ते मॉडेल नीट देत होतं. प्रश्नच चुकीचा विचारला होता. आपल्याकडे पैसे नाहीत किंवा दवाखाना लांब आहे म्हणून दुखणं अंगावर काढणारी माणसं किती आहेत, हे तुला मी सांगायला नको. अशा माणसाचा कमी खर्च तब्येतीची खूण समजू नकोस.

दुसरी गोष्ट मुंबईची आहे. १९२७ साली मॅकेंड्रिकांनी विल्यम कर्मॅक यांच्याबरोबर साथीच्या रोगांचा गणिती सिद्धांत मांडला. प्रयोगशाळेतल्या अपघातात कर्मॅक यांची दृष्टी १९२४ सालीच गेली होती. तरीही त्यांनी हे काम केलं. बाधा होऊ शकेल असे लोक, बाधित लोक आणि बरे होऊन किंवा दगावून साखळीतून बाहेर पडलेले लोक, अशा तीन गटांची त्यांची मांडणी तू एसआयआर म्हणून शिकलीस. बाधा होऊ शकेल अशा लोकांचं प्रमाण एका मर्यादेखाली गेलं की सगळ्यांना रोग होण्याआधीच साथ ओसरते, हे त्यांनी दाखवलं. लसीकरणाचं लक्ष्य ठरवताना आजही हाच विचार उपयोगी पडतो. गोवराचा एक रुग्ण, प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात, १२ ते १८ जणांना बाधा देतो असं धरलं तर साथ रोखायला ९२ ते ९४ टक्के लोक सुरक्षित असावे लागतात. गोवराच्या लसीचं उद्दिष्ट ९५ टक्के ठेवतात, ते यामुळे.

१९२७च्या त्या निबंधात सिद्धांत पडताळायला डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंचे दर आठवड्याचे आकडे घेतले आहेत. सूत्रातून काढलेली वक्ररेषा त्या आकड्यांवर इतकी छान बसते की पाहणारा थक्क होतो. पण प्लेग मुळात उंदरांचा रोग. उंदरांवरच्या पिसवांमुळे तो माणसात येतो. मुंबईत तो १८९६ साली शिरला आणि नंतर वर्षानुवर्षं ठरावीक हंगामात चढत आणि पावसाळ्याच्या तोंडाशी उतरत राहिला. साथ ओसरण्यामागे ऋतूचा मोठा हात होता आणि सूत्रात ऋतू नव्हताच. आपलं सूत्र प्लेगला ढोबळमानानेच लागू पडतं, हे लेखकद्वयाने मान्य केलं होतं. पुढच्या अभ्यासकांनी ऋतूची ही उणीव नेमकी दाखवून दिली. म्हणून आलेख सुंदर जुळला की लगेच खूश होऊ नकोस. वेगळ्या कारणानेही हाच आकार आला असता का, हे आधी विचार.

तिसरी गोष्ट जागेची. समज, तुमच्या मॉडेलने शंभर आजाऱ्यांपैकी ९० ओळखले आणि शंभर निरोग्यांपैकी ९० जणांना निरोगी म्हटलं. मोठ्या रुग्णालयात आलेल्यांपैकी ३० टक्क्यांना तो आजार असेल, तर १०,००० जणांत २,७०० खरे रुग्ण सापडतील आणि ७०० जणांना उगाच इशारा मिळेल. पाचांतले जवळपास चार इशारे खरे. तेच मॉडेल तालुक्याच्या शिबिरात ने, जिथे आजार एक टक्काच आहे. १०,००० जणांत ९० खरे रुग्ण सापडतील आणि ९९० निरोगी माणसं धास्तावतील. बारा इशाऱ्यांत एकच खरा! त्या बाकीच्या अकरा जणांचा बुडालेला रोजगार, एसटीचं भाडं, पुढच्या तपासण्यांचा खर्च आणि घरच्यांची झोप यांचा हिशोब अचूकतेच्या टक्क्यांत कुठेच येत नाही. तो तू मांड.

हे सगळं वाचून हातपाय गाळू नकोस. चांगलं मॉडेल माणसं वाचवतं आणि त्यासाठी मोठी यंत्रसामग्री लागतेच असंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या आरोग्यदूत बायकांना घरोघरी जाऊन नवजात बाळांच्या नोंदी ठेवायला शिकवलं. त्या नोंदींच्या विश्लेषणातून जंतुसंसर्ग ओळखण्यासाठी सात सोपी लक्षणं निघाली. बाळाचं दूध ओढणं कमी होणं, रडणं क्षीण होणं, हातपाय ढिले पडणं, बाळ अंगाला गार लागतं असं आईने सांगणं, ही त्यांतली काही. कोणतीही दोन लक्षणं एकाच वेळी दिसली की उपचार सुरू करायचे. घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याच्या या कामाने तिथले बालमृत्यू मोठ्या प्रमाणावर घटल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं आणि पुढे ही पद्धत देशभरातल्या आशाताईंच्या कामाचा भाग झाली. त्या सात लक्षणांत आईचं सांगणंसुद्धा मोजमाप म्हणून धरलं आहे, याकडे लक्ष दे. आणि इशारा मिळाल्यावर काय करायचं, कुणी करायचं, हेही आधीच ठरलेलं होतं. ज्या इशाऱ्यापुढे औषध नाही, गाडी नाही, माणूस नाही, तो देऊन उपयोग काय?

म्हणून तुला माझं सांगणं आहे. रुजू झालीस की पहिल्याच महिन्यात, तुमचा डेटा जिथे तयार होतो तिथे जाऊन ये. ओपीडीत केसपेपर काढणाऱ्या माणसाजवळ थांब, वॉर्डातल्या सिस्टर नोंदी कधी आणि कोणत्या घाईत लिहितात ते बघ, आशाताईंबरोबर दोन-चार घरं फीर. कोणता रकाना खरा भरला जातो आणि कोणता फक्त रिकामा राहू नये म्हणून भरतात, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. आणि तुमच्या प्रत्येक अहवालाच्या पहिल्याच पानावर लिही: हे मॉडेल कोणत्या माणसांवर तपासलं आहे आणि कोणावर अजून तपासलेलं नाही. वरिष्ठ म्हणाले की हे शेवटच्या पानावर बारीक अक्षरात टाकू, तर नम्रपणे नाही म्हण आणि त्या नकारावर ठाम राहा.

तुझी,
मोठी मावशी