अडल्याची किंमत

‘घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील म्हणत. नव्या बांधकामापेक्षाही राहते घर दुरुस्तीस काढणे अधिक कठीण, असे आता आम्ही अनुभवाने म्हणू शकतो. नवे घर बांधणाऱ्याला जुन्या घरात पाठ टेकता येते. दुरुस्ती करणारा स्वतःच्याच घरात उपरा होतो. परंतु पैसा आणि धूळ यांहून मोठा असा एक प्रश्न त्या दिवसांनी आमच्यापुढे उभा केला. तो आपणा सर्वांचाच आहे, म्हणून येथे मांडीत आहोत. समोरचा माणूस अडलेला असताना त्याच्याकडून किती घ्यावे?

२०२२ च्या जानेवारीत वसईतील आमच्या कौलारू घराचे काम ठरले. वासे वाळवीने पोखरले होते. मागील दोन खोल्यांवर कौलांऐवजी स्लॅब टाकायचा आणि स्वयंपाकघर वाढवायचे, असा बेत होता. कंत्राटदाराशी मालासकट चौरस फुटाचा दर ठरला आणि वहीच्या कागदावर दोघांच्या सह्या झाल्या. १७ एप्रिलला ईस्टर झाला आणि त्याच आठवड्यात कौले उतरली.

दरम्यान, २४ फेब्रुवारीला युक्रेनमध्ये युद्ध पेटले होते. इतक्या दूरच्या तोफांचा आमच्या मागीलदाराशी काय संबंध, असे वाटावे. परंतु पोलादाचे भाव कडाडले आणि सळई महागली. मे महिन्याच्या आरंभी कंत्राटदार आला. म्हणाला, “सर, सळईनं मारलं. जुना दर परवडत नाही.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मात्र त्याने मागितलेली वाढ सबंध कामावर होती. मार्चमध्येच आमच्या अंगणात येऊन पडलेल्या विटांवर आणि रेतीवरही होती. आम्ही तसे बोलून दाखविताच त्याने छप्पर उतरलेल्या खोल्यांकडे पाहिले, मग आभाळाकडे. “पावसाला किती दिवस राहिले, सर?” आम्ही मुकाट्याने कबूल झालो.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी खरेदी-विक्रीतील न्यायाचा विचार करताना नेमका हाच भेद केला आहे. वस्तू देताना विकणाऱ्याला तोटा सोसावा लागत असेल, तर तो किमतीत धरणे न्याय्य आहे. परंतु घेणाऱ्याला निकड आहे, एवढ्याच कारणाने भाव चढविणे अन्याय आहे. कारण ती निकड विकणाऱ्याच्या मालकीची नाही आणि जे आपले नाही ते विकता येत नाही. हा निकष लावला की आमच्या कंत्राटदाराच्या मागणीचे दोन भाग पडतात. सळईची वाढ हा त्याचा खरा तोटा होता. ठरावावर बोट ठेवून आम्हांला तीही नाकारता आली असती. पण एखाद्या लहान कंत्राटदाराला बुडवून आपल्या डोक्यावर छप्पर घालणे मनास पटले नसते. उरलेली वाढ मात्र आमच्या अडचणीची किंमत होती.

२२ मेपासून केंद्र सरकारने पोलादाच्या निर्यातीवर १५ टक्के कर लावला आणि देशातील भाव उतरू लागले. आमचा वाढीव दर उतरला नाही. भाव चढल्याचा निरोप घरपोच येतो; उतरल्याचा कोणी आणीत नाही.

येथवर वाचून वाचक आमच्या बाजूचे झाले असतील. पुढचे सांगितले नाही, तर ती त्यांची फसवणूक ठरेल.

ऑगस्टअखेर काम संपले. ४०,००० रुपयांचा शेवटचा हप्ता आमच्याकडून येणे होता. आता अडलेला तो होता. आम्ही सांगितले, “पाऊस जाऊ द्या. कुठे गळते का पाहू, मग हिशेब करू.” स्लॅब गळत नव्हता, हे आम्हांला ठाऊक होते. आम्ही मे महिन्याचे उट्टे काढीत होतो आणि त्याला सावधपणा हे नाव देत होतो.

सप्टेंबरातील एका संध्याकाळी गवंडी दारी आला. मराठवाड्याकडचा, अबोल माणूस. “सर, शेठ म्हणतो तुमच्याकडून आले की देतो. तीन आठवडे झाले. गावी जायचं होतं.” ज्या खोलीत आम्ही त्याला बसविले, तिचा गिलावा त्यानेच केला होता.

कंत्राटदाराने आमची अडचण विकली. आम्ही त्याच्या अडचणीवर डाव साधला. चुकती केली ती तिसऱ्यानेच, तीही कोणाशी सौदा न करता. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात बजावले आहे की, गरजेपोटी मजुराने पडेल ती अट मान्य केली, तर त्या संमतीने अन्यायाचा न्याय होत नाही. ‘तो कबूल झाला होता’ हे उत्तर पुरेसे नसते. मे महिन्यात आम्हीही कबूलच झालो होतो. त्या कबुलीची किंमत आम्हांला चांगली ठाऊक होती.

काम काढणाऱ्यांनी मग काय करावे? मालाचा त्या दिवशीचा भाव करारातच लिहावा आणि चढ-उतार दोन्ही पावत्या पाहून वळते करावेत. दुरुस्तीसाठी काही रक्कम राखून ठेवायचीच, तर ती किती आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे आधी ठरवावे. मजुरीचा हिशेब वेगळा असावा. ती आठवड्याच्या आठवड्याला हातात पडते की नाही, हे घरमालकाने स्वतः पाहावे. भांडण कंत्राटदाराशी असेल, तर ते गवंड्याच्या जेवणावर काढू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कंत्राटदाराला बोलावून पूर्ण रक्कम दिली. मे महिन्याचा विषय त्यानेही काढला नाही, आम्हीही नाही. त्याने वहीच्या त्याच कागदावर ‘हिशेब पूर्ण’ असे लिहून सही केली. आठवड्याने चौकशी केली तेव्हा तो म्हणाला, “गवंड्याचे दिले, सर. तो गावी गेला.” तसे झाले असेलही. आम्ही कागद पुन्हा उलगडून पाहिला. त्या माणसाचे नाव त्यावर कोठेच नव्हते.