रोगाचे नाव

मोखाड्याजवळच्या एका पाड्यावर एका बापाने पिशवीतून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. मूल दीड वर्षाचे होते. मृत्यूचे कारण न्यूमोनिया असे लिहिले होते. ‘‘गुरुजी, म्हंजे काय झालं होतं त्याला?’’ मी शाळामास्तर. शब्दाचा अर्थ सांगितला, पण उत्तर देता आले नाही. न्यूमोनिया खोटा नव्हता. मात्र आईबरोबर वीटभट्टीवर राहिलेल्या, महिनोन् महिने वजन न वाढलेल्या त्या मुलाचा तो शेवटचा आजार होता, पहिला नव्हे.

1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभरावर बालके दगावली, तेव्हा कुपोषण हा शब्द महाराष्ट्राने मोठ्या अक्षरांत वाचला. त्याआधी इथली मुले मरत नव्हती असे नाही. ती तापाने, जुलाबाने मरत होती. म्हणजे कागदावर.

अशा वेळी मला डॉ. अकासिओ व्हिएगस आठवतात. मुंबईत मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. कोणी वर मान करून पाहत नाही. 1856 साली गोव्यात जन्मलेला हा माणूस ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकला आणि मांडवीत दवाखाना थाटून बसला. मांडवी म्हणजे गोदी, धान्याची गोदामे, उंदीर आणि अंधाऱ्या खोल्यांत दाटीने राहणारी कष्टकरी माणसे. 1896 च्या पावसाळ्याअखेर तिथे ताप आणि जांघेतल्या गाठी घेऊन रुग्ण येऊ लागले. सरकारी भाषेत तो ‘संशयास्पद ताप’ होता. व्हिएगस पालिकेचे सभासदही होते. 23 सप्टेंबरला स्थायी समितीत त्यांनी सांगून टाकले की हा गाठीचा प्लेग आहे. बंदरावर जगणाऱ्या शहरात या एका शब्दाची किंमत केवढी, हे त्यांना ठाऊक नसेल असे नाही.

खरा पेच पुढे आहे. 1897 मध्ये साथरोगाचा कायदा आला. घरांच्या झडत्या सुरू झाल्या, आजाऱ्यांना उचलून इस्पितळात नेऊ लागले. त्या वर्षी मुंबईहून हजला जाणारी जहाजेही थांबली. 9 मार्च 1898 रोजी मदनपुऱ्यात एका आजारी मुलीला न्यायला पथक आले, तेव्हा जुलाहा विणकर रस्त्यावर उतरले. गोळीबार झाला, माणसे मेली. गरिबांच्या डॉक्टरने उच्चारलेले सत्य गरिबांच्याच दारावर बंदूक घेऊन उभे राहिले. मग त्याने गप्प बसायला हवे होते का?

मदनपुऱ्याची ही हकीकत कुणी अडाणीपणा म्हणून सांगतो, कुणी मर्दुमकी म्हणून. मला दोन्ही पटत नाही. नेलेले माणूस परत येत नाही, जनाजाही आपल्या हाती लागत नाही, ही भीती तेव्हा खरीच होती. दोष रोगाच्या नावात नव्हता. ते नाव दवाखान्यातून निघून थेट शिपायाच्या हाती गेले, यात होता.

व्हिएगस नाव सांगून मोकळे झाले नाहीत. घाण काढण्यासाठी, उंदीर मारण्यासाठी त्यांनी आवाज उठवला. सुमारे 18,000 लोकांना त्यांनी स्वतः लस टोचल्याची नोंद सापडते. ती लस हाफकिन यांनी 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःला टोचून घेतली होती. तिसऱ्या आगाखानांनीही लोकांसमोर टोचून घेतले, तेव्हा हजारो खोजा पुढे आले. ज्या मुंबईने पथकावर दगड उचलला तिनेच सुईपुढे दंडही केला. समोर कोण उभा आहे, एवढाच फरक.

डॉक्टरची आठवण काढताना आपण ‘गरिबांकडून फी घेत नसत’ असे म्हणतो. ती खिदमत झाली, आणि ती थोर आहेच. पण मला वाटते, डॉक्टरकडे दुसरीही अमानत असते, गवाहीची. गवाही लपवू नये, ती आपल्या माणसाविरुद्ध गेली तरी, हे आपण मशिदीत ऐकतो. ते दवाखान्यातल्या रजिस्टरलाही लागू असावे.

हे लिहिणे मला सोपे आहे. पाड्यावरच्या तरुण डॉक्टरने ‘कुपोषण’ लिहिले तर चौकशी लागते, आणि तिचा पहिला फटका तुटपुंज्या मानधनावरच्या अंगणवाडी सेविकेला बसण्याची भीती असते. तिच्या दयेपोटीही कुणी न्यूमोनिया लिहीत असेल. मांडवीतल्या सत्याचे जे झाले तेच इथेही होते: ते खालच्या माणसाच्या डोक्यावर पडते. तरीही लिहावे, असे माझे मत आहे. आणि लिहिणाऱ्याने मग त्या सेविकेच्या बाजूने चौकशीत उभेही राहावे. शब्द वर पाठवून आपण मागे सरायचे, ही गवाही नव्हे.

त्या बापाला मी शेवटी म्हणालो, ‘‘पोर अशक्त होतं, म्हणून तो आजार त्याला झेपला नाही.’’ त्याने मान हलवली, जणू हे त्याला आधीपासून माहीत होते. कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली. दिवाळी झाली होती. दोन दिवसांनी भट्टीची गाडी येणार होती. धाकटीलाही नेणार का, मी विचारले.

‘‘मग कुठं ठेवू, गुरुजी?’’